पाण्यातली चाल

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला काचेच्या हौदात उभे करावे, कोमट पाणी हळूहळू चढू द्यावे, आणि ते खुब्यापाशी आले की पायाखालचा पट्टा सुरू करून त्याला जागच्या जागी चालवावे, हा इलाज प्रथमच पाहणारास श्रीमंतांच्या लाडाकोडाचा प्रकार वाटण्याचा संभव आहे; परंतु त्याचा आधार आर्किमिडीजच्या सिद्धान्ताइतका प्राचीन आहे.

पाणी बुडालेल्या देहाचा भार उचलते, पण किती उचलते हे त्याच्या उंचीवर अवलंबून असते, आणि या उपचाराची सारी मात्रा त्या उंचीतच आहे. कुत्र्यांच्या मोजमापात असे आढळले की पाणी मागच्या घोट्यापर्यंत असता पायांवर मूळ वजनाच्या सुमारे ९१ टक्के भार उरतो, गुडघ्यापर्यंत चढले तरी ८५ टक्के उरतोच, आणि खुब्यापर्यंत पोचताच तो एकदम ३८ टक्क्यांवर उतरतो. कारण पाय बारीक, धड मोठे, आणि धड बुडू लागल्यावाचून खरी सवलत मिळत नाही. मनुष्याच्या बाबतीत कमरेइतक्या पाण्यात भार साधारण निम्मा होतो, मानेइतक्या पाण्यात जेमतेम दशांश उरतो.

मात्र वजनाची सूट देणारे हेच पाणी हालचालीवर सारा वसूल करते. ते हवेच्या सुमारे ८०० पट दाट असून त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सांध्याला विश्रांती आणि स्नायूला मेहनत अशी एरवी न जमणारी तजवीज येथे होते. मग नुसते पोहावयास का सोडू नये, तर कुत्रा पोहताना बहुतेक काम पुढच्या पायांकडून उरकून घेतो, आणि दुखरा मागचा पाय आळशीच राहतो.

माणसांसाठी जलोपचार नवा नाही. पोलिओने पाय लुळे पडलेल्या फ्रँकलिन रूझवेल्टने १९२४ साली जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील कोमट झऱ्यात चालण्याचा प्रयत्न आरंभला, आणि १९२६ मध्ये ते स्थळच विकत घेतले. त्याचे पाय बरे झाले नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. पाणी भार हलका करते, मेलेले चेतातंतू जिवंत करीत नाही.

उघडी जखम, ताप किंवा दुर्बळ हृदय असता हौदाची मुभा नसते. रोगी मनुष्य निदान कुठे दुखते ते बोलून दाखवतो. कुत्र्याची चाल मात्र काचेतून न्याहाळावी लागते, आणि काही बिलंदर कुत्री पट्टा टाळून हौदाच्या कडेवर पाय रोवून स्वस्थ उभी राहतात, तेव्हा उपचारकास स्वतः पाण्यात उतरून त्यांचे पाय पट्ट्यावर रुजू करावे लागतात. पुढे स्नायूंत बळ येईल तसतशी पाण्याची उंची कमी केली जाते, आणि सोडवलेले वजन थोडेथोडे पुन्हा त्याच पायांवर सोपवले जाते.