सामायिक खातेवही आणि तिचे कारागीर

पतपेढीची खातेवही एका कपाटांत असते, आणि तिजवरील विश्वास म्हणजे वस्तुतः किल्ली बाळगणाऱ्या गृहस्थावरील विश्वास होय. ब्लॉकचेन ही खातेवही निराळी. तिच्या प्रती पुष्कळ संगणकांवर एकाच वेळीं असतात. नवें पान ठरलेल्या नियमांनीं, परस्परांच्या पडताळणीनेंच जोडलें जातें. आणि प्रत्येक पानावर मागील पानाची गणिती खूण असल्यामुळें जुनी नोंद गुपचूप बदलतां येत नाहीं. परंतु वही कितीही भक्कम असली तरी तिच्यांत लिहिण्याजोगें कांहीं निर्माण करणारे लोक हवेत. ते लोक म्हणजे आज्ञावली रचणारे कारागीर. त्यांना जोपासावें कसें, हाच या क्षेत्रांतील खरा अवघड प्रश्न आहे.

असें एक जाळें मुंबईंतच जन्मास आलें. २०१७ सालीं जयंती कनानी, संदीप नैलवाल व अनुराग अर्जुन यांनीं मॅटिक या नांवानें कामास आरंभ केला. इथेरियम या मोठ्या जाळ्यावर नोंद करणें महाग व संथ झालें होतें. तो भार हलका करावा हा त्यांचा हेतु. २०२० सालीं जाळें चालू झालें व २०२१ सालीं त्यास पॉलिगॉन हें नांव मिळालें. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें २०२२ सालीं जातीचे दाखले पडताळण्यासाठीं याच जाळ्याचा आधार घेण्यांत आला. नवशिक्यांकरितां सरावाचें एक वेगळें जाळें होतें आणि त्याचें नांवच ‘मुंबई’. तेथील नाणीं मोलाचीं नव्हत, तीं मागेल त्यास फुकट मिळत. त्यामुळें चुकीपायीं कोणाचा पैसा बुडत नसे. २०२४ सालीं तें बंद होऊन ‘अमॉय’ हें दुसरें आलें. निर्धास्तपणें चुकण्याची जागा हें साह्य वरकरणी क्षुल्लक दिसतें, परंतु कारागीर घडतो तो तेथेंच.

याउलट गाजावाजा होतो तो हॅकेथॉनचा. दोन दिवस जागून कांहींतरी रचावें, बक्षीस घ्यावें आणि पुढील स्पर्धेकडे वळावें, अशी एक बक्षीसखोर जमातच त्यामुळें उत्पन्न झाली आहे. सोमवारीं त्या रचनेकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थाननें १९९९ सालीं नववर्षाची स्वागतयात्रा काढली तेव्हां बक्षीस कोठें होतें? तरी ती प्रथा ठाण्यांत आणि इतरत्र पसरली. कारण पाहून गेलेल्यांनीं ती आपापल्या गांवीं स्वतः उभी केली.

निधि वांटण्याची एक युक्ति मात्र दाद देण्याजोगी आहे. ब्युटेरिन, हिट्झिग व वाइल यांनीं ती २०१८ सालीं मांडली आणि गिटकॉइननें पुढील वर्षीं व्यवहारांत आणली. एका कामास शंभर जणांनीं रुपया रुपया दिला, दुसऱ्यास एकानेंच शंभर दिले, जमा सारखीच. परंतु प्रत्येक देणगीच्या वर्गमुळांची बेरीज घेऊन तिचा वर्ग केला तर पहिल्याचे १०,००० होतात, दुसऱ्याचे १००. प्रत्यक्ष जमा वजा जातां पहिल्याच्या वांट्यास ९,९०० उरतात आणि दुसऱ्याच्या वांट्यास शून्य. सामायिक निधि या प्रमाणांत वांटला जातो. धोका एवढाच कीं एकच इसम शंभर नांवें धारण करूं शकतो. चाळींत वर्गणी फिरते तेव्हां तोंडें ओळखीचीं असतात. जाळ्यावर तीं नसतात.

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील तरुणाचा दिवस लोकलच्या गर्दींत जातो. हें काम घरीं बसून होतें, आज्ञावली सर्वांना खुली असते, आणि दूरदेशचा जाणता मनुष्य ती वाचून दोष दाखवितो. असा तासभर वाचणारा मिळणें बक्षिसाहून मोलाचें. अडचण दोन ठिकाणीं येते. मार्गदर्शक लेखन बहुतेक इंग्रजींत. आणि मोबदला पुष्कळदां नाण्यांत, ज्याचा भाव महिन्याभरांत निम्म्यावर येऊं शकतो. शिवाय अशा नाण्यांच्या विक्रीच्या नफ्यावर भारतांत १ एप्रिल २०२२ पासून शेंकडा ३० कर आहे, आणि तोटा मात्र दुसऱ्या उत्पन्नांतून वजा होत नाहीं. तेव्हां काम पत्करण्यापूर्वीं रक्कम रुपयांत किती व ती केव्हां मिळणार, हें घरच्या वडीलधाऱ्यांनींही विचारून घ्यावें.