गाळपेर करताना नदी सुरयची अंडी सांभाळा

होळी झाली की धरणाचे पाणी मागे सरते आणि बुडीत क्षेत्रातली ओलसर जमीन उघडी पडते. त्या गाळपेरात आपण टरबूज, काकडी, चारा, जे साधेल ते घेतो. याच दिवसांत, याच जमिनीवर आणखी एक बिऱ्हाड उतरते. तो पक्षी म्हणजे नदी सुरय. पारव्याहून थोडा लांब, पाठ राखाडी, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक आणि शेपटी दुभंगलेली. पाण्यावर घिरट्या घालता घालता सूर मारून मासोळी उचलतो.

सुरयांचे बरेचसे भाऊबंद समुद्रावरचे. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे, तिथे ते शेकड्यांनी अंडी घालतात. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास तिथे जाऊन याच्या नोंदी केल्या. चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे त्या खडकांवर कुत्रा, कोल्हा पोचत नाही. माणूस मात्र पोचतो. तिथल्या गुहांतली पाकोळ्यांची घरटी चोरून नेण्याचे प्रकार झाले आहेत.

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. आपल्या सुरयचे बेट म्हणजे पूर्णा-वर्धेच्या पात्रातला वाळूचा दांडा, नाहीतर धरणात उघडा पडलेला उंचवटा. मार्च ते मे या काळात तो तिथे दोन-तीन अंडी घालतो. घरटे कसले, वाळूतली नुसती खळगी. अंडी मातकट, त्यावर तपकिरी ठिपके. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. पण आपले बेट वेंगुर्ल्यासारखे पक्के नाही. अप्पर वर्धा असो की गावचा पाझर तलाव, पाणी उतरत गेले की बेट काठाला जोडले जाते. मग त्यावरून ढोरं जातात, कुत्री जातात, ट्रॅक्टरही जातो. काटेपूर्णेला १९८८ पासून अभयारण्याचे संरक्षण आहे, लहानमोठ्या तलावांना ते कुठून असणार?

माझीच चूक सांगतो. नोकरीत नवा होतो. मार्चअखेर एका तलावाच्या गाळपेरात काकडीची आखणी करायला गेलो. मधला उंचवटा रेताड, निचऱ्याचा. मीच म्हटले, इथेच आळी घ्या. मासेमारी करणारे एक म्हातारे बुवा जवळच जाळे सोडवत बसले होते. ते म्हणाले, "सायेब, तिकडे नका जाऊ ना बाप्पा, थे पाखरं अंड्यायवर बसले हायेत." मी हसण्यावारी नेले. भर दुपारी दोन तास दोरी धरून आम्ही तिथे उभे. पाखरे डोक्यावर किंचाळत होती, अंगावर येत होती. तरी पाय जपूनच टाकले, एकही अंडे फुटू दिले नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. पुढल्या महिन्यात गेलो तर अंडी जागच्या जागी होती, पण एकातूनही पिल्लू निघाले नव्हते.

कारण नंतर समजले. आपल्याकडच्या उन्हात सुरय भरदुपारी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतो आणि अंडी गार ठेवतो. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, वाळू त्याहून तापते. तेवढा वेळ पाखरू उठले की अंडी उन्हात उकडतात. टिटवीचेही असेच आहे.

कुणी विचारील, यात आमचा फायदा काय? खरे सांगायचे तर एकरी उत्पन्नात काही भर पडत नाही. मात्र त्याच वाळूत अंडी घालणारी आर्ली हवेतले किडे टिपते आणि टिटवी शेतातल्या अळ्या वेचते, एवढे जमेस धरा. नदी सुरयची संख्या घटते आहे, म्हणून २०२० मध्ये त्याची नोंद जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत झाली. कायद्याचे म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपाखरांची अंडी फोडणे, घरटे मोडणे हेही शिकारीतच धरले आहे.

खर्चाचे काम काही नाही. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे आणि पिल्ले उडायला त्यापुढे आणखी काही आठवडे लागतात. तेवढे दोन महिने मधला उंचवटा नांगरू नका, भोवतालच्या सपाटीत खुशाल पीक घ्या. ढोरं पाण्यावर नेण्याची वाट दुसऱ्या बाजूने काढा. खूण करायची तर पन्नास पावलांवर दगड मांडा. काठ्या रोवू नका, काठीवर कावळा बसतो आणि वरून अंडी हेरतो. पिल्ले वाळूत दबून बसतात, ती पोरांनी उचलून घरी आणू नयेत.

सरपंच व तलाठी मंडळींना एक विनंती. ग्रामसभेत वाळूचा विषय निघाला की पात्राच्या मधला दांडा मेअखेरपर्यंत सोडण्याची सूचना ठरावात लिहून घ्या. जैवविविधता समितीच्या नोंदवहीत ती जागा चढवा. चंबळ नदीकाठी तर पाणचिरा पक्ष्याची घरटी राखायला गावातलीच माणसे नेमली गेली.

आणि उंचवटा कोणता राखायचा, हे ठरवण्याआधी तलावावर जाळे टाकणाऱ्यांना विचारा. त्यांना जागा बरोबर ठाऊक असते. मला तर त्या दिवशी सांगितलीही होती.