सूर उतरला, पण कुणाचा?

कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत ७२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आले. सोबत पत्नी. तक्रार अशी, की गेले सहा महिने गाण्यातला बाईंचा आवाज त्यांना पुरुषी ऐकू येत होता. कानाची तपासणी झाली. वयाप्रमाणे वरच्या पट्टीतले आवाज थोडे कमी ऐकू येत होते, बाकी ठीक. पण अशा बहिरेपणात आवाज बारीक किंवा अस्पष्ट होतो, तो सहसा खाली उतरत नाही.

डॉक्टरांनी विचारले, "टीव्हीवरच्या बातम्या? फोनवर मुलीचा आवाज? घरातली पेटी?" सगळे नेहमीसारखे. बिघडली होती ती फक्त रेकॉर्डवरची गाणी. पत्नी म्हणाल्या, "मला पट्टीबिट्टी काही कळत नाही, पण तबलजी पेंगतोय एवढं कळतं." निदान खरे तर तिथेच झाले होते. दोघांच्या कानांना एकच खोड लागणे अवघड.

रेकॉर्ड प्लेअर होता १९७० च्या दशकातला, मुलाने अमेरिकेतून आणलेला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून तो इथे चालू केलेला. गती बरोबर असल्याचा पुरावाही शिक्षकांकडे होता. फिरत्या थाळीच्या कडेला ठिपके असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात ते जागच्या जागी उभे दिसले की गती योग्य. त्यांचे ठिपके अगदी स्थिर होते. यंत्र ठीक, म्हणजे कान गेले, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि सहा महिने रात्री नीट झोपले नाहीत.

घोटाळा ठिपक्यांतच होता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. जुन्या अनेक प्लेअरमधली सिंक्रोनस मोटर विजेच्या या आवर्तनाला बांधलेली असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आवर्तन नाही. त्यामुळे मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी थाळी इथे जेमतेम २७.८ फेरे घेते. सूर पेटीच्या सुमारे तीन पट्ट्या उतरतो. काळी चारमध्ये गायलेले पांढरी चारवर येते. लयही सहाव्या हिश्श्याने मंदावते. आता ठिपके पाहा. आपला दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, तिकडचा १२०. ६० हर्ट्झसाठी आखलेले २१६ ठिपके आपल्या दिव्याखाली नेमके या चुकीच्या गतीलाच स्थिर दिसतात. तपासणीचे साधन आणि रोगी, दोघेही सारखेच चुकलेले! ५० हर्ट्झच्या पट्टीवर १८० रेघा लागतात. (एलईडी दिव्याखाली मात्र बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण अनेक एलईडी तसे लुकलुकत नाहीत.)

साधी खात्री घड्याळानेही होते. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवायची आणि फेरे मोजायचे. एलपीचे १०० फेरे बरोबर तीन मिनिटांत व्हायला हवेत. शिक्षकांच्या घरी लागली ३ मिनिटे ३६ सेकंद. उपाय होता मोटरवरची पुली बदलण्याचा, व्यासाने सहा-पंचमांश मोठी. सगळ्याच जुन्या प्लेअरना हे लागू नाही. डीसी मोटरच्या यंत्रांना विजेच्या आवर्तनाशी देणेघेणे नसते.

मूळचे ५० हर्ट्झचेच यंत्र मंद झाले असेल तर आधी रबरी पट्टा पाहावा. तो सैल होतो, घसरतो. रबरी चाकावर चालणाऱ्या यंत्रात चाक कडक होते. मधल्या दांड्याच्या बेअरिंगमधले तेल वाळून चिकट होते. ते पुसून हलक्या मशीन ऑइलचे थेंब पुरतात. खोबरेल तेल नको, थंडीत ते गोठते. उघडण्यापूर्वी प्लग काढणे हे सांगायलाच नको, तरी सांगितलेले बरे.

संथपणा एक, डुलणे वेगळे. सूर दर १.८ सेकंदांनी वरखाली होत असेल तर थाळीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा काहीतरी चुकते आहे, बहुधा रेकॉर्डचे भोक मधोमध नाही. एकसारखी एक टक्क्याची चूक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पण तेवढ्याच सुराचे हेलकावे कान चटकन पकडतो, विशेषतः सेकंदाला चारच्या आसपास असतील तर. तानपुऱ्याचा ठेहराव ऐकला की ही चूक लपत नाही.

आता उलट बाजू. रेकॉर्ड, टीव्ही, पेटी, सगळेच उतरलेले वाटत असेल तर पेचकस खाली ठेवावा. फेफरे आणि चेहऱ्याच्या नसेच्या वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनने काहींना सूर सुमारे अर्ध्या स्वराने खाली ऐकू येतात. डॉक्टरांनी औषध बदलले की ते पूर्ववत होते. स्वतःहून बंद केल्यास फेफऱ्याचा झटका येऊ शकतो.

दुसरी खूण जास्त तातडीची. पेटीची एकच पट्टी आधी एक कान झाकून, मग दुसरा झाकून ऐकावी. दोन कानांत दोन वेगळे सूर आले, किंवा एक कान दोन-तीन दिवसांत मंद झाला, सोबत गुणगुण, चक्कर असेल, तर मळ असेल म्हणून थेंब घालत बसू नये. अचानक येणाऱ्या बहिरेपणात स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणे परतण्याची शक्यता वाढते. दोन आठवडे उलटले की ती झपाट्याने घटते.

शिक्षकांच्या घरी महिन्याभराने नवी पुली बसली. १०० फेरे, ३ मिनिटे १ सेकंद. पत्नीला तबलजी जागा झालेला वाटला. शिक्षक मात्र पहिले दोन दिवस म्हणत होते, बाई जरा घाईतच गातायत.