फुले भरपूर, फळ एकही नाही!

सोसायटीच्या गच्चीवर मिळून भाजी लावणाऱ्यांकडून श्रावणात एक तक्रार हमखास ऐकू येते. भोपळ्याला पिवळीधमक फुले लागतात, काही फुलांच्या मागे बोराएवढे फळही दिसते आणि चार दिवसांत ते पिवळे पडून गळते. मग कोणी खत बदलते, कोणी फवारणीची बाटली आणते. बऱ्याचदा माती चांगलीच असते. कमी पडलेली असते ती मधमाशी.

भोपळा, काकडी, कारले, दोडका, दुधी या वेलींवर नर आणि मादी फुले सहसा वेगवेगळी असतात. मादी फुलामागचे इवले फळ आधीपासूनच असते. पण नर फुलातले पराग तिथवर पोहोचले नाहीत, तर ते वाढत नाही. हे पराग जड आणि चिकट असल्याने वारा कामाचा नाही. त्यात वेळ मोजकी. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्यात सातेरी किंवा फुलोरी मधमाशी यायला हवी. दुधीचे पांढरे फूल मात्र संध्याकाळी उमलते आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे निशाचर पतंग. गच्चीवर रात्रभर प्रखर दिवा असेल, तर यातले बरेच पतंग दिव्याभोवतीच फिरत राहतात.

वांग्या-टोमॅटोची गंमत आणखी वेगळी. फूल एकच, पण पराग परागकोशात कोंडलेले. वांग्यात तर ते टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतात. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फूल घट्ट धरून अंगाचे स्नायू थरथरवते आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसे पराग सांडतात. मध देणाऱ्या माशीला ही युक्ती जमत नाही. वांग्याच्या फुलाजवळ थांबून पाहा, भुंग्याचा आवाज एकदम बदललेला ऐकू येतो.

याच भुंग्याला लोक झाडूने मारतात. वास्तविक तो फार क्वचित डंख मारतो. नराला तर नांगीच नसते. तो सुक्या लाकडात, बांबूत घर करतो. निळ्या पट्ट्यांची माशी उघड्या मातीत बीळ खणते. आवारभर पेव्हर ब्लॉक बसवल्यावर तिने राहायचे कुठे? कुंपणाशी हातभर माती उघडी ठेवली, कुंडीत बांबूचे दोन तुकडे खोचले, कोथिंबीर आणि मुळा थोडा फुलू दिला तरी फरक पडतो.

आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. एकाच वेळी अनेक डंख जिवावर बेतू शकतात, ॲलर्जी असणाऱ्याला एकही पुरतो. तिथे स्वतः धूर करू नका, मोहोळ न जाळता हलवणारी प्रशिक्षित माणसे बोलवा.

आता ती बाटली. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसातून फुलांतल्या मध-परागातही उतरते. युरोपीय संघाने २०१८मध्ये मोकळ्या शेतात त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे ते दुकानात मिळते. गच्चीवरच्या भाजीला त्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. उरला तर कडुनिंबाचे तेल, तेही मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी आणि उमललेली फुले वगळून. लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या मावाच खातात, सरसकट फवारणीत त्याही मरतात.

मधमाश्यांसाठी पाण्याची थाळी ठेवत असाल, तर पाणी रोज बदला आणि थाळी घासा. डेंग्यूचा डासही अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

आणि माश्या येईपर्यंत? सकाळी आठच्या आत भोपळ्याचे ताजे नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. मादी फूल ओळखायला सोपे आहे, मागे बोराएवढे फळ असते तेच.