पडद्यावरची लढाई – भाग ५ : पाच डॉक्टर आणि एक सिनेमा

गेल्या रविवारी नागपूरच्या सदर भागात लिबर्टी थिएटरसमोर एका जुन्या वाचकाने गाठलं. "चार आठवडे झाले, तुमच्या लढाईच्या सिनेमांत आपल्या नागपूरचा एक माणूस दिसला नाही. कोणी गेलंच नाही का हो?" म्हटलं, काका, गेले होते. बंदूक नव्हे, डॉक्टरची पेटी घेऊन, थेट चीनला. काका हसले. त्यांना वाटलं, मी फेकतोय.

तेव्हा आजचा भाग काकांसाठी. सिनेमा व्ही. शांताराम यांचा, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', साल १९४६.

१९३८ मध्ये जपानने चीनवर चाल करून वर्ष उलटलं होतं. चिनी सेनापती चू तेह यांनी पत्र लिहून नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी आवाहन केलं, वर्गणी जमली आणि १ सप्टेंबरला पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल पथकाचे प्रमुख, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीस २७ वर्षांचे, चोळकर साठीला टेकलेले. त्या वयात माणसं काशीयात्रेचा बेत करतात. पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'.

मुखर्जी आजारपणामुळे आणि चोळकर वयोमानाने १९३९ मध्येच परतले. कोटणीस मात्र राहिले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, कुओ छिंग-लान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत. चारच महिन्यांनी, ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. पी. साठ्यांच्या सोबतीने पटकथा. पण खरी गंमत सिनेमा निघाला कसा, त्यात आहे. महायुद्धात कच्ची फिल्म सरकारी परवान्यावर मिळे. चित्रपटाची लांबीसुद्धा ११,००० फुटांवर बांधून टाकलेली. वर निर्मात्यांकडून अपेक्षा, की युद्धकार्याला हातभार लावणारं काहीतरी काढा. १९४२ च्या 'छोडो भारत'नंतर इंग्रजांची पाठराखण करणारा सिनेमा कोण काढणार आणि काढला तरी बघणार कोण? शांतारामांनी कोटणीस निवडले. चीन इंग्रजांचा दोस्त, जपान शत्रू, मग सरकार नाही कसं म्हणेल? आणि हे पथक धाडलं होतं काँग्रेसने, जिचे पुढारी त्याच सरकारने तुरुंगात डांबलेले. सरकारच्याच फिल्मवर सरकारच्या विरोधकांची गोष्ट! कोल्हापूरच्या या माणसाची ही चाल मला त्यांच्या कुठल्याही कॅमेरा-करामतीहून मोठी वाटते.

सिनेमा म्हणून तो आज थोडा जड जातो, हे कबूल करतो. कोटणीस स्वतः शांताराम, चिनी नायिका जयश्री, संगीत वसंत देसाईंचं. जयश्रीबाई चिनी मुलीच्या पेहरावात खणखणीत हिंदी बोलू लागल्या की आजचा प्रेक्षक गालात हसतो. कथेचा सगळा भर प्लेगच्या साथीशी कोटणीसांनी दिलेल्या झुंजीवर. प्रत्यक्षात त्यांचं बरंचसं आयुष्य गेलं ते आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्यात, भूल द्यायच्या औषधांचीही मारामार असताना. पण साथीला रोगजंतूंचा खलनायक मिळतो, जखमेला फक्त टाके.

आता १९४६ च्या प्रेक्षकाच्या खुर्चीत बसून बघा. पडद्यावर जपानी क्रूर, त्यांच्याशी झुंजणाऱ्यांच्या बाजूला आपला सोलापूरचा पोरगा. आणि बाहेर चौकात घोषणा कुणाच्या? आझाद हिंद सेनेच्या. लाल किल्ल्यातला खटला नुकताच गाजलेला, आणि ती सेना लढली होती जपानच्या खांद्याला खांदा लावून. म्हणजे ज्या सुभाषबाबूंनी १९३८ मध्ये जपानविरुद्ध लढणाऱ्यांना डॉक्टर पाठवले, तेच पाच वर्षांनी जपानच्या मदतीने इंग्रजांवर चालून निघाले. प्रेक्षकाने दोन्हींना टाळ्या वाजवल्या आणि त्यात त्याला काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या लेखी हिशेब एकच होता, परक्याची टाच कुणाच्या मानेवर आहे. दिल्ली, लंडन आणि टोकियोतले हिशेब वेगळे, त्यांच्या वह्याही वेगळ्या.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांचा प्रश्न ठरलेलाच, "आणि आपले चोळकर?" अब्बासांच्या पुस्तकाच्या इंग्रजी नावाचा अर्थच आहे, आणि एक जण परत आला नाही. चोळकर परत आलेल्या चौघांतले. काका जरा थांबले. मग म्हणाले, "परत येऊन दवाखाना उघडला की सिनेमा निघत नाही, असंच ना?"

पुढच्या आठवड्यात चेतन आनंद यांचा 'हकीकत', १९६४. त्यात चीन समोरच्या खंदकात आहे. तो इथल्या थिएटरांत लागला, तेव्हा यिनहुआ कोटणीस तिकडे २२ वर्षांचा होता.