पावणेतीनशे दारं, सहा वर्षं

जर्मनीचा नकाशा महाराष्ट्रावर ठेवला तर कडेनं थोडासाच बाहेर येईल. आपलं क्षेत्रफळ ३.०८ लाख चौरस किलोमीटर, त्यांचं ३.५७ लाख. माणसं तर आपल्याहून कमीच, साडेआठ कोटींच्या आत. आणि एवढ्या जागेत, विद्यापीठं सोडून द्या, नुसत्या चार मोठ्या संशोधन संघटनांच्या संस्था मोजायच्या तर मॅक्स प्लांकच्या ८४, फ्राउनहोफरच्या ७५च्या आसपास, लायब्निझच्या शंभराला चार-पाच कमी, हेल्महोल्ट्झची १८ केंद्रं. बेरीज पावणेतीनशेच्या घरात, आणि नोकरदार मिळून सुमारे सव्वा लाख.

यातल्या अठराच्या आकड्यावर जाऊ नका. सगळ्यात जास्त माणसं हेल्महोल्ट्झकडेच आहेत. हॅम्बुर्गचं डेझी हे त्यांचंच केंद्र. तिथून निघणाऱ्या ३.४ किलोमीटरच्या बोगद्यात उणे २७१ अंशांपर्यंत गारठवलेल्या यंत्रातून इलेक्ट्रॉन पळवतात, आणि पलीकडच्या टोकाला क्ष-किरणांचे झोत पडतात, सेकंदाला २७,००० पर्यंत! 'एक' म्हणून होईस्तोवर हे सगळं झालेलं असतं.

या झोतांपुढे रात्री जागणारा पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. झालेला संशोधक, मात्र बहुधा दोन-तीन वर्षांच्या करारावर असतो. २०२१च्या सरकारी अहवालानुसार जर्मन विद्यापीठांत पंचेचाळिशीच्या आतले, प्राध्यापक नसलेले ९२ टक्के संशोधक मुदतीच्या नोकरीत होते. २००७चा कायदा सांगतो की अशी नेमणूक पीएच.डी.आधी जास्तीत जास्त सहा वर्षं आणि नंतर सहा, वैद्यकात नंतरची नऊ. मूल असेल तर प्रत्येकामागे दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. त्यानंतर कायमची जागा शोधा, नाहीतर बाहेरच्या निधीवरचा एखादा प्रकल्प धरा. व्यवस्था तुंबू नये म्हणून हे हवं, असं तिथल्या संशोधन मंत्रालयानं हान्ना नावाच्या एका काल्पनिक संशोधिकेची चित्रफीत काढून समजावलं होतं. २०२१च्या जूनमध्ये 'मीच ती हान्ना' म्हणत हजारो खऱ्या संशोधकांनी समाजमाध्यमांवर त्या चित्रफितीची सालटी काढली. तुंबलेल्या गटाराशी आपली तुलना कोणाला आवडेल?

पगाराचं गणित मात्र सरळ आहे. पोस्टडॉकची श्रेणी बहुधा 'ई १३'. तिचा तक्ता कुणालाही पाहता येतो, घासाघीस फारशी चालत नाही. अनुभवाची वर्षं किती धरली जातात, एवढंच भांडून घ्यावं. परकेपणाचीही भीती नको, मॅक्स प्लांकमध्ये निम्म्याहून अधिक शास्त्रज्ञ परदेशीच आहेत. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं. घरभाड्याचा करार मात्र बहुधा जर्मनमध्येच हातात पडतो.

पावणेतीनशे संस्थांना अर्जाचा एकच मजकूर पाठवण्यात काही हशील नाही. जागा निघते ती एखाद्या गटाच्या प्रकल्पाच्या पैशातून, तेव्हा पत्र त्या गटप्रमुखालाच लिहा, त्याचे दोन-तीन शोधनिबंध वाचून. आणि पहिल्याच मुलाखतीत विचारून घ्या: हा पैसा कुठल्या प्रकल्पाचा, आणि तो कधी संपतो?