आधी बटण दाबू नका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर दारोदार एकच दृश्य होतं. गाद्या, कपाटं, टीव्ही, मिक्सर, सगळं चिखलानं माखलेलं आणि रस्त्यावर वाळत घातलेलं. त्याच आठवड्यात सांगलवाडीहून एक मुलगी रिक्षात एक जड पेटी घालून माझ्याकडे आली. पेटी उघडायच्या आधीच मी ती ओळखली. तो तिच्या वडिलांचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर होता, दोन ६एल६ व्हॉल्व्हचा, तीस वॉटचा, फार पूर्वी मुंबईत कुणीतरी जुळवलेला. २००५ च्या पुरातही तो भिजला होता आणि तेव्हाही तो माझ्याकडेच आला होता. त्या वेळी मी तो बिघडवला होता.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, "बाळ, घरी याचं बटण दाबून बघितलंस का?"

ती म्हणाली, "नाही काका. बाबांनी हातच लावू दिला नाही."

मला हायसं वाटलं. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. व्हॉल्व्हचं जुनं यंत्र वयानं सहसा मरत नाही, पाण्यानंही लगेच मरत नाही. ते मरतं आपल्या घाईनं.

हे समजायला व्हॉल्व्ह काय करतो ते थोडं पाहू. उसाला पाणी देणाऱ्या माणसाला ते सहज कळेल. पाटाला पाण्याचा लोट असतो. दारं धरणारा माणूस फावड्याभर माती इकडची तिकडे करतो आणि तेवढ्यानं सगळं पाणी या सरीतून त्या सरीत जातं. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यात एक तार तापते, तिच्या उष्णतेनं कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या प्लेटकडे धावतात. हा झाला पाट. मध्ये तारेची एक बारीक जाळी असते. गिटारकडून आलेला अगदी क्षीण विद्युत्प्रवाह त्या जाळीवर दिला, की तो फावड्यातल्या मातीचं काम करतो. मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. फ्लेमिंगनं दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला १९०४ साली, आणि १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं त्यात ही जाळी बसवली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या पंचवीसतीस वर्षांत घराघरांतून व्हॉल्व्ह गेले.

गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. त्याला कारण आहे. ट्रान्झिस्टरवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार टाकला, तर आवाज एकदम कापल्यासारखा फाटतो. व्हॉल्व्हचा आवाज हळूहळू फाटतो, एखाद्या शाहिराचा गळा वरच्या पट्टीत तापत जावा तसा. तो फाटलेपणाच गिटारवाल्यांना हवा असतो.

याचा आपल्या भागाशीही एक धागा आहे. सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकायला होता. १९५८ च्या सुमारास त्यानं शाळासोबत्यांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे तोच जगभर फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखला गेला. त्याच्या 'क्वीन' या बँडमधला गिटारवादक ब्रायन मे हा व्हॉक्स कंपनीच्या 'एसी ३०' या अ‍ॅम्प्लिफायरसाठी प्रसिद्ध आहे. त्यात आवाज मोठा करणारे चार ईएल ८४ व्हॉल्व्ह असतात. गंमत अशी की हाच ईएल ८४ आपल्याकडच्या कित्येक घरगुती रेडिओंतही असायचा. ज्या व्हॉल्व्हवर आजोबांनी बातम्या ऐकल्या, त्याच जातीच्या व्हॉल्व्हवर लंडनला हजारो लोक नाचले.

मी हे काम शिकलो साताऱ्यात, १९७४ पासून. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. तमाशाच्या फडांचे, गणेश मंडळांचे कर्ण्यांचे अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्याकडे यायचे. अण्णांचा पहिला नियम होता, चालू सेटमध्ये हात घालायचा तर दुसरा हात पँटच्या खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो. दुसरा नियम होता, प्लग काढला म्हणजे सेट मेला असं समजायचं नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३०० ते ४०० व्होल्टचा डीसी दाब असतो, आणि तो साठवणारे मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेले राहू शकतात. ते रेझिस्टन्स लावून हळूहळू रिकामे करायचे, मीटरनं खात्री करायची, मगच बोट लावायचं. स्क्रू-ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडणारे कारागीर मी पाहिले आहेत. अण्णा त्यांना दुकानात उभं करत नसत.

आता माझी २००५ ची चूक सांगतो. तेव्हा मी सांगलीत स्थायिक झालो होतो. या मुलीचे वडील ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. पुरानंतर महिनाभरातच गणपती होते आणि त्यांच्या हातात चार कार्यक्रम होते. त्यांनी घाई केली नाही, घाई मी केली. सेट धुतला, दोन दिवस पंख्याखाली ठेवला, वरून कोरडा दिसला म्हणून बटण दाबलं. आवाज आला. आम्ही दोघंही खूश. दहा मिनिटांनी जळक्या लाखेसारखा वास आला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आणि त्यांच्या थराथरांमध्ये कागद. तो कागद आठ दिवस पुराच्या पाण्यात भिजला होता. बाहेरून कोरडा, आत ओला. त्यावर ४०० व्होल्ट आल्यावर एका थरातून दुसऱ्या थरात ठिणगी उडाली आणि वेढे आपसांत मिळाले. आपल्याकडे पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं पावलोपावली आहेत. मी तिथून तो भरून आणला. वेढे मोजून तितकेच भरले होते. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोटारीसारखा भरून चालत नाही. त्यात व्हॉल्व्हकडची तार आणि स्पीकरकडची तार एकीवर एक अशा आलटूनपालटून थरांत गुंडाळावी लागते. सगळी एक तार आधी आणि सगळी दुसरी नंतर भरली, तर यंत्र चालतं पण वरचे सूर दबतात. कार्यक्रम पार पडले. ते गृहस्थ मला एवढंच म्हणाले, "आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतोय." भांडले नाहीत, पैसेही दिले. ते वाक्य चौदा वर्षं माझ्या डोक्यात होतं.

म्हणून २०१९ मध्ये मी ती पेटी घेतली आणि मुलीला सांगितलं, दोन महिने विचारायचं नाही.

पहिलं काम, व्हॉल्व्ह काढून ठेवणं. काच फुटली नसेल तर पुराच्या पाण्यानं व्हॉल्व्ह सहसा बिघडत नाही, कारण आत पाणी जायला वाटच नसते. काचेच्या आत बहुधा वरच्या बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो चंदेरी असेल तर आतली पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. एक काळजी घ्यायची, काचेवरचा नंबर नुसत्या ओल्या फडक्यानंही पुसला जातो. आधी नंबर आणि जागा कागदावर लिहायची, मग पुसायचं.

दुसरं, गाळ. वाळलेला गाळ दमट हवेत पुन्हा ओल धरतो आणि वीज वाहून नेतो. चासी स्वच्छ पाण्यानं मऊ ब्रशनं धुतली, सॉकेटच्या पिनांमधली माती काडीनं काढली. ट्रान्सफॉर्मर सोडवून लाकडी खोक्यात ठेवले आणि खोक्यात साठ वॉटचा बल्ब लावला, कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तसा. रोज मेगरनं तार आणि लोखंड यांच्यातला रोध मोजायचा. पहिल्या दिवशी तो एक मेगओमसुद्धा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात तो वीसच्या वर गेला आणि तिथेच टिकला. तेव्हा कुठे आतला कागद वाळला असं मी मानलं.

तिसरं, कंडेन्सर. हे पूर आला नसता तरी बदलावे लागले असते. मोठ्या कंडेन्सरमधलं रसायन वर्षानुवर्षांनी सुकतं, मग 'घूं' असा आवाज येतो. त्याहून घातक असतात दोन व्हॉल्व्हच्या मधले मेणकागदाचे छोटे कंडेन्सर. ते जुने झाले की गळतात. प्लेटवरचा दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर झिरपतो. म्हणजे दारं धरणाराच झोपला. व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. काही रुपयांच्या कंडेन्सरपायी हजारोंचं नुकसान होतं ते असं.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अर्थिंग. या सेटला दोन पिनांचीच वायर होती. गिटारच्या तारा वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या चासीला जोडलेल्या असतात. चासीत करंट उतरला तर तो वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो, आणि त्याच वेळी त्याचे ओठ माईकला लागले तर मधला माणूस जातो. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक रंगमंचावर असाच गेला, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून. मी तीन पिनांची वायर घातली, अर्थची तार चासीला पक्की बोल्टनं कसली. जुन्या काही एसी-डीसी रेडिओंत तर चासीच थेट मेनच्या तारेला जोडलेली असते. तसले सेट जाणकाराशिवाय उघडूच नयेत. अमेरिकेहून कुणी अ‍ॅम्प्लिफायर आणला असेल, तर तो बहुतेक १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो सरळ लावला की पहिल्याच क्षणी जातो.

उरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. २००५ मध्ये भरून घेतलेला तो चालला असता. पण मी तो काढून टाकला आणि नवीन भरून घेतला, या वेळी थरांचं चित्र काढून देऊन, स्वतः शेजारी बसून. त्याचे पैसे मी लावले नाहीत. ते माझं देणं होतं. स्पीकरचा कागद पाण्यानं गेला होता, त्याला नवा कोन बसवला. एक ६एल६ थकला होता. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी व्हॉल्व्ह बनवायची, ते आता फक्त जुन्या साठ्यात सापडतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ इथे शोधावं लागतं. नवे रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, आणि ते बनत राहिले याचं श्रेय गिटारवाल्यांनाच आहे. ६एल६ जोडीनं काम करतात, म्हणून सारख्या प्रवाहाची जोडीच घेतली.

मग बटण दाबायचा दिवस. तेव्हाही सरळ नाही. सिरीज बोर्डवर शंभर वॉटचा बल्ब लावून त्यातून सेटला करंट दिला. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर भगभगतो आणि मंद होतो. मंद झाला. स्पीकर जोडलेला आहे ना ते पुन्हा पाहिलं, कारण स्पीकरशिवाय हा सेट वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भलताच दाब येतो. मग सिरीज काढून तासभर नुसता चालू ठेवला आणि नाक लावून बसलो. वास आला नाही.

दिवाळीच्या आधी मुलगी वडिलांना घेऊन आली. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, बोटं थोडी आखडली आहेत. त्यांनी गिटार जोडली, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबले, आणि एकच लांब सूर वरच्या पट्टीत ओढला. मान न वळवता म्हणाले, "घोंगडी निघाली." मग गिटार मुलीच्या हातात दिली.

जाताना त्यांनी विचारलं, "पुन्हा पाणी आलं तर?" मी म्हटलं, पाणी आपल्या हातात नाही. पेटी पहिल्या मजल्यावर ठेवा. आणि आलंच, तर २०१९ सारखंच करा, हात लावू नका.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा रेडिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायर असेल. वीसपंचवीस वर्षं तो लावलेला नसेल. आज रविवार आहे, खाली काढा, कोरड्या फडक्यानं बाहेरची धूळ पुसा, मागच्या जाळीतून दिसतील तेवढे व्हॉल्व्हचे नंबर वहीत लिहून ठेवा आणि जुन्या कामाचा माहीतगार शोधा. प्लग मात्र भिंतीला लावू नका.